गुहागरकडचं जुनं कौलारू घर घेऊन होमस्टे: वेडेपणा की शहाणपणा?

आळशी_उंट | १४ मे
मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धीर करून धागा काढतोय.

वय ५२, पुण्यात नोकरी, अजून सहा वर्षं बाकी. हेदवी-वेळणेश्वर पट्ट्यात, समुद्रापासून साधारण दीड किलोमीटर आत, एक घर बघून आलोय. जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं. माजघराच्या तुळईवर 'शके १८५५' कोरलंय, म्हणजे नव्वदी ओलांडलेलं. पुढे ओटी, मग पडवी, माजघर, दोन्ही अंगांना दोन-दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि रिकामा गोठा. एकूण २२ गुंठे, नऊ कलमं, दोन फणस, एक विहीर. सांगताहेत ३८ लाख, एजंट म्हणतो ३५ ला तुटेल.

बेत असा, की वर वीसेक लाख घालून तीन खोल्या भाड्याने द्यायच्या, एक आपल्याला ठेवायची, आणि निवृत्तीनंतर तिथेच जायचं. बायको म्हणते, "तुला घर आवडलंय, धंदा नव्हे." तिला उत्तर देता आलं नाही म्हणून इथे विचारतोय. कोणी केलंय का असं काही?

खवचट_खारूताई | १४ मे
५८ लाख बँकेत ठेवा. सात टक्क्यांनी वर्षाला चार लाख येतील. त्या चार लाखांत दर महिन्याला दुसऱ्याच्या होमस्टेत जाऊन राहा आणि सोलकढी पातळ आहे म्हणून तक्रार करा. मालकाला ती चैन नसते.

तिरफळ | १४ मे
खारूताई, हसले, पण खोटं नाहीये हो. :)
उंटराव, आधी एक सांगा, तुम्ही शेतकरी आहात का? म्हणजे कागदावर?

आळशी_उंट | १४ मे
वडिलांकडून साताऱ्याकडची ११ गुंठे आलीत, सातबाऱ्यावर नाव आहे. त्यामुळे ती अडचण नसावी.

निवृत्त_मामलेदार | १५ मे
तीस वर्षं महसुलात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

शेतकरी असाल तर कूळकायद्याच्या कलम ६३ ची (शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची) पहिली पायरी ओलांडलीत. पण कोकणात घर आणि जमीन या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे घाटावरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. तुमच्याकडे गावठाणात घर, शेत बाहेर. इथे वाडीतली बरीच घरं सातबाऱ्याच्या जमिनीतच उभी आहेत. घराचा म्हणून तुम्हाला ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा दाखवतील. तो घरपट्टी कोण भरतो ते सांगतो, मालक कोण ते नाही. त्यावर विसंबून पैसे देणारे मी पाहिलेत आणि नंतर माझ्याच टेबलासमोर रडणारेही.

सातबारा आणि ८अ घ्या, पण आजचा उतारा पाहून थांबू नका. त्यावर जे फेरफार (हक्कातल्या बदलांच्या नोंदी) क्रमांक असतात ते एकेक करून मागे न्या, निदान १९५० पर्यंत. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कसणाऱ्या कुळाला मालक ठरवणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, आणि त्या दहा वर्षांत कोकणातल्या जमिनीचं पान उलटलं. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव आहे का ते पाहा. जमीन कुळाने ३२ग खाली, म्हणजे कूळकायद्याने, विकत घेतलेली असेल तर कलम ४३ ची अट असते, परवानगीशिवाय विकता येत नाही. ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीपासून आकाराच्या (जमीन महसुलाच्या) चाळीस पट भरून मार्ग निघतो, आणि कोकणात आकार किरकोळ असल्यामुळे रक्कम हास्यास्पद वाटेल. पण भरलेली पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सातबाऱ्यावर नावं किती?

आळशी_उंट | १५ मे
अकरा. :(

वाळवी | १५ मे
अकरा! संघ आहे, घर नाही.

निवृत्त_मामलेदार | १५ मे
अकरा म्हणजे कमीच. कागदावर अकरा, त्यातले तीन वारलेले असतील आणि त्यांची वारसनोंद झालेली नसेल. लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या धरल्यात का? वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर 'तिला लग्नात दिलंय' हे उत्तर चालत नाही. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसाने आपला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे. तेव्हा एकाच्या सहीने 'माझा हिस्सा विकतो' असला व्यवहार करू नका. एकतर सगळे सह्या करतील, नाहीतर बाकीच्यांची हक्कसोडपत्रं नोंदवून घ्यावी लागतील.

या अकरांना एका जागी पकडायचं असेल तर गणपतीत जा. बाराही महिन्यांत तेवढ्याच एका वेळी मूळ घरात सगळी भावकी सापडते.

फोंड्याची_सून | १५ मे
आमच्या गोव्यात अकरा सह्या म्हणजे बावीस धरायच्या. तिथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे प्रत्येक भावाबरोबर वहिनीचीही सही लागते. वाटण्या कोर्टात 'इन्व्हेंटरी' घालून करायच्या. माझ्या सासरच्या घराची चालू आहे. लग्न होऊन आले तेव्हा सुरू झाली होती, आता लेक बारावीला आहे. आणि मागे कोणी मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) राहत असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला हलवता येत नाही. जुनं पोर्तुगीज पद्धतीचं घर म्हणून बाहेरून फोटो काढतात लोक, आत आम्ही भांडतोय.

चिवट_चिरेबंदी | १६ मे
मी केलंय. दापोली तालुका, आठ वर्षं झाली. तेव्हा अनुभव लिहितो, सल्ला नाही.

घर वडिलोपार्जित, म्हणजे खरेदीचा खर्च शून्य. हे आधीच सांगतो, कारण पुढचे आकडे बघून तुम्ही त्यात ३५ लाख मिळवायचेत. तीन खोल्या. गेल्या वर्षी तिन्ही मिळून १९० रात्री भरल्या, सरासरी दर २,४००. झाले ४ लाख ५६ हजार. खर्च: दोन बायका बाराही महिने कामाला, १ लाख ५६ हजार. वीज ३८ हजार. शाकारणी, रंग, डागडुजी ५५ हजार. चादरी, साबण, गॅस, किरकोळ ४२ हजार. बुकिंगवाल्यांचं कमिशन ३१ हजार. हातात राहिले १ लाख ३४ हजार. जेवणाचे पैसे मी धरत नाही, ते त्या दोघींचे.

लोक विचारतात फक्त १९० का. नाताळचा आठवडा, जोडून आलेल्या सुट्ट्या, मे महिना, संपलं. मंगळवारी कोकणात कोणी येत नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर ऑगस्टपर्यंत घर मीच उघडतो, मीच बंद करतो आणि गाद्यांना बुरशी येऊ नये म्हणून दर आठ दिवसांनी उलट्या करतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारच्या तीनेक तासांत ओटीवरची सगळी कौलं आणि आगरातली अर्धी पोफळ गेली. वीज यायला पाच आठवडे लागले. पाहुणे तर तसेही नव्हते, लॉकडाऊन होता. त्या वर्षी उत्पन्न म्हणून काय लिहू असं सीएने विचारलं. मी म्हटलं, सरपण लिहा.

गडगा | १६ मे
चिवट, सरपण :D
पण मग का करताय आठ वर्षं?

चिवट_चिरेबंदी | १६ मे
घर बंद ठेवलं असतं तर एव्हाना पडलं असतं. कौलारू घराला माणसाचा धूर लागतो. चूल पेटली नाही तर वाशांना वाळवी लागते. पाहुणे माझ्या घराची राखण करतात आणि वर पैसे देतात, असा मी हिशोब लावतो. विकत घेणाऱ्याला हा हिशोब लागू नाही.

वाळवी | १६ मे
माझा उल्लेख सन्मानाने करावा.

पाणचूल | १७ मे
बांधकामातली आहे, चिपळूणला असते, म्हणून दुरुस्तीबद्दल बोलते.

१) जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चिरा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंट चढवलंत की पाणी आत कोंडतं आणि दोन पावसाळ्यांत पोपडे. चुन्याचा करा, नाहीतर चिरा उघडाच ठेवा.
२) संडास-बाथरूम माजघराला लागून घालू नका. सगळे तेच करतात, 'अटॅच' हवं म्हणून. तुळया फणसाच्या आणि ऐनाच्या असतील, सततच्या ओलीने टोकं कुजतात. मागची पडवी उतरवून तिथे नवा भाग बांधा आणि जुन्या भिंतीपासून बोटभर तरी सुटा ठेवा.
३)

तिसरा मुद्दा लिहिता लिहिता आमची लाइट गेली होती, आता आठवत नाही. आठवला की लिहीन.

हां, एसी. कौलारू छपराखाली एसी म्हणजे गावाला थंड करणं. एसी हवाच असेल तर माळा घाला, फळ्यांचा. मग उंची कमी होते, मग तेच घर राहत नाही. मी तर म्हणते एक खोली एसीची करा आणि बाकीच्यांत पंखे.

बंडू_बंदरवाला | १७ मे
स्विमिंग पूल टाका. आजकाल पूल नसेल तर फॅमिली येत नाही. आमच्या मित्राने अलिबागला टाकला, तुफान चाललंय.

पाणचूल | १७ मे
बंडूशेठ, तिसरा मुद्दा आठवला. पाणी!!

उंटराव, विहीर कोणत्या महिन्यात बघितलीत? आत्ता मे आहे, आत्ताच बघा. तीन खोल्या, आठ माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर अकराशे लिटर झाले आणि त्यात चादरी धुणं नाही. समुद्रावरून आलेला माणूस दोनदा आंघोळ करतो. ज्या महिन्यात पाहुणे जास्त त्याच महिन्यात विहीर तळाला. आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब, जांभ्यात त्याहूनही जास्त, कारण तो दगड म्हणजे चाळण. सगळं सांडपाणी फिरून तुमच्याच हंड्यात यायचं.

गडगा | १७ मे
आणि वानर विसरू नका. शाकारणीला माणूस मिळत नाही हे दुःख वेगळं, मिळाला आणि कौलं चाळून खाली उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी वीस वानरांची टोळी छपरावरून धावते. आमच्याकडे शेवटी खाली पत्रा आणि वर कौलं असं केलं. दिसायला कौलारू, पाऊस पडला की ताशा.

तिरफळ | १८ मे
मी सिंधुदुर्गातली, माझ्या आईचं एकच वाक्य इथे टाकते: "तुमका घर व्हया काय धंदो व्हयो, ता पयलां ठरवा." उंटरावांच्या बायकोशी तिचं चांगलं जमेल.

परवान्यांबद्दल कोणी बोललं नाही. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी होते, ती करा. ग्रामपंचायतीची ना हरकत, जेवण देणार असाल तर अन्न परवाना. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरायचा असतो, हे आम्हाला पहिल्या जर्मन जोडप्याच्या वेळी कळलं, तेही पोलीस पाटलांकडून. तुम्ही समुद्रापासून दीड किलोमीटर आत आहात ते उत्तम, सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची) डोकेदुखी नाही. भरतीरेषेजवळचं घर असतं तर वेगळा धागा काढावा लागला असता. फक्त खाडी किती लांब आहे ते बघा, खाडीलाही सीआरझेड असतं.

ओसाकाकर | १९ मे
इथे जपानमध्ये तर उलटी गंमत आहे. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशात ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यांना 'आकिया' म्हणतात. खेड्यातली घरं जवळजवळ फुकट मिळतात. माझ्या ऑफिसमधल्या एकाने नारा भागात जुनं लाकडी घर घेतलं, पाहुण्यांना देतो. पण २०१८ च्या कायद्यानुसार साध्या नोंदणीवर वर्षाला १८० दिवसच भाड्याने देता येतं. मी त्याला म्हटलं, आमच्या कोकणात असा कायदा लागत नाही, पाऊस आहे.

मलाही गावाकडे घर घ्यायचं होतं. माझं नागरिकत्व बदललंय, आता ओसीआय कार्ड आहे. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसाने आली तरच. तेव्हा उंटराव, तुम्हाला घेता येतंय याचाच हेवा वाटतो.

खवचट_खारूताई | १९ मे
ओसाकाकर, बाकी काही नको, तिथल्या खेड्यात भावकी असते का ते सांगा.

ओसाकाकर | १९ मे
असते. पण नमस्कार घालून भांडतात.

गडगा | २० मे
विषयांतर होतंय पण विचारतो, पाहुण्यांना सारवलेली जमीन आवडते का? आमच्या ओटीवर अजून शेणाची जमीन आहे. काढून कोबा करावा म्हणतोय.

चिवट_चिरेबंदी | २० मे
फोटोपुरती आवडते. मग सुटकेस ओढतात आणि पोपडे निघतात. ओटी तेवढी सारवलेली ठेवा, खोल्यांत कोबा. आणि सारवणारी मावशी साठीची आहे, तिच्यानंतर कोण, हाही प्रश्न आहेच. आमच्याकडच्या दोघींपैकी एकीची मुलगी मुंबईला मॉलमध्ये लागली. 'तुमच्याकडे चादरी बदलायला नाही येणार' असं तिने मला तोंडावर सांगितलं. खरं सांगायचं तर होमस्टे मी चालवत नाही, त्या दोघी चालवतात. त्या नसतील त्या दिवशी माझ्या हातात फक्त किल्ल्या असतात. धागाकर्त्यांनी पुण्यात बसून रिमोटने चालवायचा विचार केला असेल तर सोडून द्यावा.

आळशी_उंट | २२ मे
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत जाऊन आलो. पाणचूलताई, विहिरीत दोन हात पाणी होतं. शेजारच्यांनी सांगितलं की १० मेनंतर वाडीत टँकर येतो. एजंटला विचारलं तर म्हणाला, "साहेब, बोअर मारू की."

फेरफार काढायला टाकलेत. मामलेदारसाहेब, अकरापैकी चार वारलेत. तुम्ही तीन म्हणाला होतात.

आणखी एक. घर रिकामं आहे असं सांगितलं होतं. नाहीये. मागच्या दोन खोल्यांत एक माई राहतात, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्या वारलेल्या चारांपैकी एकाच्या पत्नी. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, वारसनोंद झालेली नाही. विकणारा पुतण्या म्हणतो, "काकी विरारला येणार आहे आमच्याकडे." काकींना विचारलं का, तर म्हणे सांगू.

निवृत्त_मामलेदार | २२ मे
टोकन दिलंत का? नसेल तर देऊ नका. नाव सातबाऱ्यावर नसलं म्हणून हक्क जात नाही. नवऱ्याच्या हिश्श्याच्या त्या वारस आहेत. त्यांची नोंद व्हायलाच हवी, तुम्ही घर घ्या की नका घेऊ.

बंडू_बंदरवाला | २२ मे
म्हाताऱ्या माणसाला काहीतरी देऊन टाका आणि मोकळे व्हा. प्रॅक्टिकल राहा.

फोंड्याची_सून | २२ मे
बंडू, 'काहीतरी' कुठे मिळतं? आमच्या सासूबाईंसाठीही हवंय.

(दीड महिना धागा शांत)

गडगा | ९ जुलै
उंटराव, पुढे काय झालं? आमच्याकडे धो धो लागलाय म्हणून तुमची आठवण झाली.

आळशी_उंट | ११ जुलै
कालच परत आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

इथल्याच कोणाच्या तरी व्यनिवरून, म्हणजे व्यक्तिगत निरोपावरून (धन्यवाद), घर पावसात बघायचं ठरवलं. पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला आत्ता कशाला, दिवाळीत या. मग सरळ माईंनाच फोन केला. त्या म्हणाल्या, "या की, तांदूळ आहेत." बायकोलाही घेऊन गेलो. कुंभार्लीत दोन तास अडकलो, पोचेपर्यंत अंधार, वीज गेलेली.

पहिल्या रात्री माजघरात झोपलो. दोनच्या सुमाराला पाऊस वाढला. माई उठल्या. दिवा नाही, बॅटरी नाही. अंधारातच एक पातेलं, दोन तपेल्या आणि एक जुना डबा उचलून चार ठिकाणी ठेवला आणि परत जाऊन झोपल्या. मी मोबाइलचा उजेड पाडून बघितलं. चारही ठिकाणी थेंब बरोब्बर भांड्यात पडत होते. मी मे महिन्यात दोनदा ते घर इंजिनिअरला दाखवलं होतं, त्याच्या अहवालात छप्पर 'ठीक' आहे.

सकाळी कुळथाचं पिठलं आणि भाकरी. बायकोने त्यांना विचारलं, घर विकताहेत ते माहीत आहे का. म्हणाल्या, माहीत आहे, तीन वर्षं विकताहेत. इथे पाहुणे राहायला आले तर चालेल का, तेही विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, "पाव्हणे आले तर मला काय, सोबतच होईल. पण गणपती कुणाच्या घरात आणायचा ते ठरवा आधी. पाव्हण्याच्या खोलीत तो बसायचा नाही." माजघरातच बसतो तो, त्या तुळईखाली. माझ्या नकाशात तिथे 'डायनिंग' होतं.

व्यवहार थांबवलाय. माईंच्या वारसनोंदीचा अर्ज मात्र तलाठ्यांकडे देऊन आलो, मामलेदारसाहेबांनी व्यनिने मजकूर दिला होता तसा. पुतण्याने दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी उचलला आणि बराच वेळ बोलला. ते इथे लिहीत नाही.

तिरफळ | ११ जुलै
वहिनी काय म्हणाल्या परत येताना?

आळशी_उंट | ११ जुलै
घाट चढून वर येईपर्यंत काहीच नाही, झोपली होती. कऱ्हाडला चहा घेताना म्हणाली, तो डबा गळका आहे, पुढच्या वेळी एक बादली घेऊन जाऊ.

खवचट_खारूताई | ११ जुलै
गेले ३८ लाख.

पाणचूल | १२ जुलै
खरेदीचं पुढे बघा. छप्पर या पावसाळ्यात नाही उघडता येणार, तोवर आढ्याजवळचं गळतं तिथे आतून प्लास्टिक बांधून घ्या. दिवाळीनंतर चाळायला आमच्याकडचा एक गडी पाठवते. आता शाकारणीत मुरलेले तालुक्यात मोजकेच उरलेत, आत्ताच सांगून ठेवते.

निवृत्त_मामलेदार | १२ जुलै
गणपतीला जाताय ना?

आळशी_उंट | १२ जुलै
माईंनी बोलावलंय. अकरापैकी नऊ घरं येणार म्हणे. फेरफारांची फाइल नेऊ का?

निवृत्त_मामलेदार | १२ जुलै
फाइल गाडीत राहू दे. पहिल्या दिवशी आरतीला उभे राहा, कोणाची मुलगी कुठे दिली ते ऐका. गौरी जेवल्या की मग बघू.